आकड्यांमागील हात
(संशोधनास नव्याने आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



जैवमाहितीशास्त्राविषयी बोलायचे म्हटले की त्या शास्त्राच्या पराक्रमांची यादी वाचण्याचा मोह वक्त्याला होतो. मी तो आवरणार आहे. त्या पराक्रमांच्या वार्ता आपल्यापर्यंत पोचलेल्याच आहेत. ज्याच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही तो मनुष्य म्हणजे या शास्त्रात पीएच.डी. करणारा विद्यार्थी. तो दिवसभर काय करतो, त्याच्या कामात कठीण ते काय आणि मोलाचे ते काय, याचा विचार आज आपण करू.

या विद्यार्थ्याची पहिली अडचण अशी, की आपण काय करतो हे त्याला घरी सांगता येत नाही. रसायनशास्त्राचा विद्यार्थी काचपात्रे दाखवू शकतो, वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी रोपे दाखवू शकतो. हा मात्र जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसून संगणकाच्या पडद्याकडे पाहत असतो. घरच्यांना वाटते, मुलगा संगणकाच्या व्यवसायात आहे, मग पगार एवढा कमी का? प्रयोगशाळेतील सोबत्यांना वाटते, याचे हात कधी ओले होत नाहीत, याला कष्ट काय ठाऊक? आणि संगणकशास्त्राच्या विभागात गेला, तर तेथील मंडळी म्हणतात, यात नवे गणित ते कितीसे? दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. याला तर तीन घरे आहेत.

ही स्थिती कशी आली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत इन्सुलिन या प्रथिनातील सर्व ५१ अमिनो आम्लांचा क्रम निश्चित केला. एका लहानशा प्रथिनासाठी सुमारे दहा वर्षे लागली. या कार्यासाठी त्यांना १९५८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. एका प्रथिनाचा क्रम कळला, तसे इतरांचेही कळू लागले आणि ते निरनिराळ्या नियतकालिकांत विखरून पडले. ते सर्व एकत्र आणून परस्परांशी ताडून पाहिल्यास सजीवांच्या नात्यागोत्याचा इतिहास वाचता येईल, हे अमेरिकेतील मार्गारेट डेहॉफ यांनी ओळखले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रथिनांच्या अनुक्रमांचा पहिला संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात ६५ प्रथिने होती. त्या काळी माहिती संगणकाला छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून पुरवावी लागे. जागा वाचावी म्हणून डेहॉफ यांनी प्रत्येक अमिनो आम्लासाठी एकेक अक्षर योजले. ती अक्षरे आजही जगभर वापरात आहेत. आपल्या देशात याच सुमारास, १९६३ मध्ये, मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनाची साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकते याचे गणित मांडले. नव्या प्रथिनाची रचना निश्चित झाली, की ती आजही रामचंद्रन यांच्या आलेखावर तपासून पाहतात.

जैवमाहितीशास्त्र हा शब्द १९७० मध्ये हॉलंडमधील पाउलीन होगेवेख आणि बेन हेस्पर यांनी प्रथम वापरला. १९८२ मध्ये अनुक्रमांचा जेनबँक हा सार्वजनिक संग्रह अमेरिकेत सुरू झाला. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८६-८७ मध्ये देशातील विद्यापीठांत व संशोधनसंस्थांत माहितीकेंद्रांचे जाळे उभारण्यास आरंभ केला. पुढे २००३ मध्ये मानवी जनुकसंचाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प पूर्ण झाल्याचे घोषित झाले. त्यात राहिलेल्या मोकळ्या जागा भरून संपूर्ण अनुक्रम हाती येण्यास २०२२ साल उजाडले.

या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात घ्या. आरंभी अनुक्रम मिळविणे महाकठीण होते, आणि मिळालेला अनुक्रम मनुष्य डोळ्यांनी वाचू शकत होता. आज उलट झाले आहे. मानवी जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. खात्री पटावी म्हणून प्रत्येक अक्षर सरासरी तीस वेळा वाचतात. म्हणजे एका व्यक्तीमागे सुमारे ९ हजार कोटी अक्षरे झाली. ती यंत्र वाचते. परंतु ती कोणाही मनुष्याला जन्मभरात वाचून संपणार नाहीत. म्हणून प्रयोगशाळेला अशा मनुष्याची गरज भासू लागली, ज्याला जीवशास्त्र कळते आणि जो संगणकाकडून काम करवून घेऊ शकतो. ही गरज भागविण्यासाठी जो आला, तोच आपला विद्यार्थी.

आता त्याचा दिवस पाहू. भातावर काम करणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेची कल्पना करा. पाण्याचा ताण पडला असता भाताच्या पानांतील कोणती जनुके जागी होतात आणि कोणती निजतात, हा तेथील प्रश्न आहे. एक विद्यार्थी रोपे वाढवितो. पाने तोडून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवितो, ती खलात कुटून त्यांतून आरएनए वेगळा काढतो आणि अनुक्रमवाचनासाठी पाठवितो. काही आठवड्यांनी उत्तर येते ते पानांचे नव्हे, तर फायलींचे. प्रत्येक फाईलमध्ये अक्षरांचे कोट्यवधी लहान तुकडे, आणि प्रत्येक अक्षरासोबत ते किती विश्वासार्ह आहे याची खूण. येथून दुसऱ्या विद्यार्थ्याचे काम सुरू होते.

तो प्रथम गुणवत्ता तपासतो. तुकड्यांना चिकटलेले कृत्रिम दुवे छाटतो. मग प्रत्येक तुकडा भाताच्या जनुकसंचात कोठे बसतो ते संगणकाकडून शोधवितो. त्यानंतर एकेका जनुकावर किती तुकडे पडले ते मोजतो. ज्या जनुकावर तुकडे अधिक, ते अधिक जागे. सांगायला चार वाक्ये पुरली. करायला महिने लागतात. संस्थेचा मोठा संगणक सर्वांचा सामाईक असतो. तेथे रांग असते. रात्री लावलेले काम सकाळी पूर्ण झालेले असेल या आशेने विद्यार्थी येतो, आणि ते साठवणीची जागा संपल्यामुळे पहाटे दोन वाजता थांबल्याचे पाहतो. एखादी आज्ञावली गेल्या वर्षी चालत होती, ती यंदा चालत नाही, कारण ती ज्या दुसऱ्या आज्ञावलीवर अवलंबून होती तिची नवी आवृत्ती आली आहे. एका फाईलमध्ये गुणसूत्राचे नाव एका पद्धतीने लिहिलेले असते, दुसरीत दुसऱ्या पद्धतीने. तेवढ्यामुळे दोन्हींचा मेळ बसत नाही. शेतकऱ्याचा बराच काळ जमीन तयार करण्यात जातो, पेरणी दोन दिवसांत उरकते, तसाच हा प्रकार आहे.

या नावांच्या घोटाळ्याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. मानवी जनुकांना लहान संक्षिप्त नावे असतात. त्यांतील काही ‘मार्च-१’, ‘सेप्ट-२’ अशी होती. हिशेबासाठी घरोघर वापरले जाणारे एक्सेल हे साधन अशा नावांना तारखा समजते आणि न विचारता त्यांच्या तारखा करून टाकते. २०१६ मध्ये काही संशोधकांनी प्रसिद्ध झालेले निबंध तपासले, तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एकपंचमांशात असे बदललेले शब्द आढळले. अखेर यंत्राने माणसाचे ऐकले नाही, माणसालाच यंत्राचे ऐकावे लागले. जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने त्या जनुकांची नावेच बदलली आणि २०२० मध्ये तसे नियम प्रसिद्ध केले. आपण हसतो. परंतु यादीतून एक जनुक नाहीसे झाले तर पुढचा संशोधक ते शोधणारच नाही, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

याहून सूक्ष्म अडचण गणिताची आहे. योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल तर तो फरक खरा मानावा, असा एक संकेत आहे. एकाच गोष्टीची परीक्षा करायची असेल तेव्हा तो चालतो. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय सहकार्याने भाताचा जनुकसंच वाचून पूर्ण झाला. त्या कामात भारताचाही वाटा होता. त्यात ३७ हजारांहून अधिक जनुके असल्याचा अंदाज तेव्हा करण्यात आला. समजा, पाण्याच्या ताणाचा भातावर काहीही परिणाम होत नाही. तरीसुद्धा ३७ हजार जनुकांची एकेक करून परीक्षा केली, तर त्यांचे पाच टक्के, म्हणजे अठराशेच्या वर जनुके केवळ योगायोगाने ‘बदललेली’ दिसतील. त्या अठराशेंत ज्याला जे हवे ते सापडेल. म्हणून निकष कठोर करावा लागतो. १९९५ मध्ये इस्रायलमधील बेंजामिनी आणि होकबर्ग यांनी यासाठी सुचविलेली रीत आज सर्वत्र रूढ आहे. ती लावली की लांबलचक यादी आखूड होते. कित्येकदा ती रिकामीही होते. मग दोन वर्षे रोपे वाढविलेला सोबती विचारतो, ‘माझे जनुक कोठे गेले?’ त्याला उत्तर देण्याचे काम संगणक करीत नाही. ते या विद्यार्थ्यालाच करावे लागते.

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्यापाशी येते. या विद्यार्थ्याचे खरे शिक्षण आज्ञावली लिहिण्यात नाही. आज्ञावली लिहायला तर यावीच लागते, आणि आजकाल तीही लिहून देणारी यंत्रे निघाली आहेत. त्याचे खरे शिक्षण आहे ते आकड्यांमागील हात ओळखण्यात. पडद्यावर दिसणारा प्रत्येक आकडा कोणाच्या तरी हातून, कोणत्या तरी दिवशी, कोणत्या तरी बाटलीतील द्रव वापरून तयार झालेला असतो. ज्याला हे कळले नाही तो त्या दिवसाचा आणि त्या बाटलीचा परिणाम निसर्गाचा नियम म्हणून छापून मोकळा होतो.

मला ठाऊक असलेली एक हकीकत सांगते. एका प्रयोगशाळेच्या विद्यार्थ्यांसाठी नेमलेल्या सल्लागार समितीवर मी होते. प्रयोग वर वर्णिल्यासारखाच होता. नमुने चोवीस होते. बारा रोपांना पाणी दिलेले, बारांना पाण्याचा ताण दिलेला. हे काम चौथ्या वर्षातील एका विद्यार्थ्याचे होते. त्याचा प्रबंध त्यावर उभा राहायचा होता. आकडे पाहण्याचे काम नुकत्याच आलेल्या एका विद्यार्थिनीकडे होते. तिने विश्लेषण केले तेव्हा फरक एवढा स्पष्ट दिसला, की बारा नमुने आलेखाच्या एका कोपऱ्यात आणि बारा दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसले. हजारो जनुके बदललेली होती. मार्गदर्शकांना आनंद झाला. निबंधाची रूपरेषाही ठरली.

मुलीच्या मनाला मात्र एक गोष्ट टोचत होती. आरएनए धड असला तर जनुकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुकडे साधारण सारखे पडतात. तो तुटू लागला की त्या वाचनपद्धतीत एका टोकाकडे तुकड्यांची दाटी होते आणि दुसरे टोक विरळ होत जाते. ताण दिलेल्या बाराही नमुन्यांत ही दाटी होती. पाणी दिलेल्या एकाही नमुन्यात नव्हती. पाण्याच्या ताणाने असे होत असेल का? की ते नमुने निराळ्या रीतीने हाताळले गेले असतील? पडद्याकडे कितीही वेळ पाहिले असते तरी या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळणार नव्हते.

ती उठून आत गेली. त्या प्रयोगशाळेत एक जुने साहाय्यक होते. सगळे त्यांना काका म्हणत. कोणती रसायने केव्हा आली, कोणत्या दिवशी कोणत्या खोक्यातून किती वापरली, शीतकपाट कधी बंद पडला, हे सर्व ते एका जाड वहीत लिहून ठेवीत. तिने विचारले, ‘काका, हे चोवीस नमुने कोणत्या दिवशी काढले, ते तुमच्या वहीत आहे का?’ होते. पाणी दिलेले बारा नमुने मार्चमध्ये काढले होते. तेवढ्यात आरएनए वेगळा करण्याचा संच संपला. नवा संच खरेदीच्या कागदपत्रांतून सुटून येईपर्यंत जुलै उजाडला. उरलेले बारा तेव्हा, नव्या संचाने काढले. मधल्या काळात एकदा शीतकपाट काही तास बंद पडल्याची नोंदही त्याच वहीत होती.

याचा अर्थ उघड होता. एका बाजूला पाणी, मार्च आणि जुना संच, दुसऱ्या बाजूला ताण, जुलै आणि नवा संच. जो फरक दिसत होता तो पाण्यामुळे, संचामुळे की शीतकपाट बंद पडल्यामुळे, हे कोणत्याही गणिताने वेगळे करता येत नाही. दोन रंग पूर्ण मिसळलेल्या पाण्यातून एक रंग गाळून काढावा तसे ते आहे.

आता ती काय करणार? ती नवखी होती. तो चार वर्षे जुना. निबंधावर तिचेही नाव येणार होते. गप्प राहिली असती तर निदान तेव्हा तरी कोणाला कळले नसते. तिने ती गोष्ट साप्ताहिक बैठकीत सर्वांसमोर मांडली नाही. ती प्रथम त्याच्याकडे गेली. वही आणि आलेख शेजारी शेजारी ठेवून तिने त्याला दाखविले. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, हे मला पुढे त्यानेच सांगितले. तिसऱ्या दिवशी दोघे मिळून मार्गदर्शकांकडे गेले.

सुदैव एवढेच, की प्रत्येक पानाची निम्मी पूड उणे ऐंशी अंशांवर शिल्लक होती. त्यांनी काम पुन्हा केले. या खेपेला बैठक घेऊन आधी आखणी झाली. रोज थोडे पाणी दिलेले आणि थोडे ताण दिलेले असे मिसळून नमुने घ्यायचे, संच एकच वापरायचा, आणि कोणता नमुना कोणत्या दिवशी हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. आठ महिने गेले. बदललेल्या जनुकांची यादी पूर्वीच्या पाचव्या हिश्शावर आली. दरम्यान त्या विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि काही काळ त्याला प्रकल्पाच्या पैशांवर काढावा लागला. सत्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. येथे ती एका तरुणाने मोजली, हे आपण विसरू नये. परंतु आज त्याच्या प्रबंधातील जी यादी आहे ती भाताविषयी बोलते, रसायनांच्या खोक्याविषयी बोलत नाही.

कोणी म्हणेल, हे लहान प्रयोगशाळांतच घडते. तसे नाही. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेतील एका मोठ्या प्रकल्पाच्या संशोधकांनी मनुष्य आणि उंदीर यांच्या निरनिराळ्या अवयवांतील जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. तिच्यात माणसाचे हृदय उंदराच्या हृदयापेक्षा माणसाच्याच इतर अवयवांशी अधिक जवळचे दिसत होते. निष्कर्ष आश्चर्याचा होता. २०१५ मध्ये दुसऱ्या दोघा संशोधकांनी मूळ फायलींमधील खुणांवरून शोधून काढले, की माणसाचे बहुतेक नमुने एका खेपेत आणि उंदराचे दुसऱ्या खेपेत वाचले गेले होते. त्या खेपांचा परिणाम हिशेबात धरल्यावर हृदय हृदयाजवळ आणि मेंदू मेंदूजवळ आला. यावर मतभेद झाले, वादही झाला. पण मूळ माहिती सर्वांसाठी खुली होती म्हणूनच तो वाद होऊ शकला, हे महत्त्वाचे.

हा उपदेश नवाही नाही. १९३८ च्या जानेवारीत कलकत्त्यास भरलेल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत रोनाल्ड फिशर यांनी सांगितले होते, की प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे त्याला शवविच्छेदन करावयास सांगण्यासारखे आहे. प्रयोग कशाने मेला एवढेच तो फार तर सांगू शकेल. आपल्याच भूमीवर उच्चारलेला हा विचार आपल्या प्रयोगशाळांत अद्याप पुरता रुजलेला नाही. अजूनही संगणकावरच्या विद्यार्थ्याला बोलावणे येते ते फायली आल्यानंतर. ‘जरा एवढे करून दे,’ असे त्याला सांगतात. त्या ‘एवढे’मध्ये त्याचे तीन महिने जातात. लेखकांच्या नामावळीत त्याचे नाव मध्ये कोठे तरी येते. दहा जणांच्या कामांत त्याचे हात गुंतलेले असतात आणि स्वतःचा प्रबंध तसाच राहतो.

मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. या विद्यार्थ्याला प्रयोगाची आखणी चालू असतानाच बैठकीत बसवा. त्याला विचारण्याचा अधिकार द्या. आणि त्याच्या नावावर असा एक प्रश्न असू द्या, जो त्याचा स्वतःचा आहे. बाकीच्यांच्या प्रश्नांची धुणी धुणे हे शिक्षण नव्हे.

विद्यार्थ्यांनाही काही सांगायचे आहे. नमुना कसा काढतात ते निदान एकदा आपल्या हातांनी करून पाहा. पिपेट धरलेला अंगठा संध्याकाळी कसा दुखतो ते कळले, म्हणजे सोबत्याच्या चोवीस नमुन्यांकडे तुम्ही निराळ्या दृष्टीने पाहाल. त्याचप्रमाणे आपल्या कामाची वही ठेवा. कोणती आज्ञा, कोणत्या आवृत्तीने, कोणत्या फाईलवर, कोणत्या दिवशी चालविली, हे लिहून ठेवा. काकांची वही आणि तुमची वही यांची योग्यता सारखीच आहे. मूळ फाईल कधीही बदलू नका. आणि निकाल फारच सुंदर आला तर त्या दिवशी घरी लवकर जाऊ नका, पुन्हा एकदा तपासा. वाईट निकालावर सर्वजण शंका घेतात, चांगल्या निकालावर घेणारा विरळा.

आकड्यांमागील हातांत आणखी एक हात असतो. ज्याच्या दंडातून रक्त घेतले त्या मनुष्याचा. जगभर वापरला जाणारा मानवी जनुकसंचाचा आदर्श नमुना अनेक वर्षे असा होता, की त्यातील सुमारे ७० टक्के भाग अमेरिकेतील एकाच अनाम दात्याचा होता. त्या मापाने सर्व मनुष्यजातीला मोजले जात होते. या देशातील वैविध्य त्यात कोठून येणार? म्हणून २०२० मध्ये आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्प सुरू झाला. निरनिराळ्या समाजांतील सुमारे १० हजार निरोगी व्यक्तींचे जनुकसंच वाचण्यात आले, आणि ही माहिती फरिदाबाद येथे २०२२ मध्ये उघडलेल्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये ती संशोधकांना नियमांनुसार उपलब्ध करून देण्यात आली. अशा फाईलवर नाव नसते, केवळ क्रमांक असतो. तुम्ही तो क्रमांक टंकलिखित कराल तेव्हा एवढे आठवा, की कोणी तरी आपली बाही वर करून, तुमचे नावही ठाऊक नसता, तुमच्यावर विश्वास टाकलेला आहे. त्या क्रमांकाशी निष्काळजीपणा करणे म्हणजे त्या विश्वासाशी करणे होय.

शेवटी व्यवहाराचे बोलते, कारण ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि दोन वर्षांनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ शिष्यवृत्तीची ४२ हजार रुपये करण्यात आली. ती वेळेवर हाती पडतेच असे नाही. तुमच्यासारखेच कौशल्य असलेले वर्गमित्र याहून कितीतरी अधिक मिळवीत असतील. घरी लग्नाचे, आजारपणाचे, धाकट्यांच्या शिक्षणाचे प्रश्न असतील. त्यातून पडद्यासमोरचे काम एकाकी असते. रोपे वाढविणाऱ्याची चूक शेजाऱ्याला दिसते, आज्ञावलीतील चूक कोणालाच दिसत नाही. म्हणून मी सांगते, एकटे राहू नका. आपली आज्ञावली दुसऱ्याला वाचायला द्या, दुसऱ्याची आपण वाचा. मन फार खचले तर ते बोलून दाखवा. त्यात कमीपणा नाही.

आणि तरीही हे काम का करावे? माझ्यापाशी याचे एकच उत्तर आहे. एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी ती कशी घडली हे विचारण्याची सवय या कामात लागते. आज आकड्यांना कोठेही तोटा नाही. ते शासनाच्या अहवालांत आहेत, जाहिरातींत आहेत, औषधाच्या वेष्टनावर आहेत. ते कोणी मोजले, कोणत्या दिवशी, कोणत्या मापाने, आणि मोजताना काय वगळले, असे नम्रपणे पण न चुकता विचारणारी माणसे मात्र थोडी आहेत. तुमच्यापैकी काहीजण पुढे संशोधनात राहणार नाहीत. तेथून बाहेर पडताना एवढी सवय जरी सोबत नेलीत, तरी या देशाने तुमच्यावर केलेला खर्च वाया गेला असे मी म्हणणार नाही.